अडीच तारा

आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की बायको ती आधी मोजून घेते. पेटीतले आंबे, इस्त्रीचे कपडे, केळ्यांची फणी. त्या दिवशी मी लांबलचक काळी पिशवी कॉटवर ठेवून चेन उघडली, तेव्हाही तिनं बोट नाचवत मोजलं.

"सहा. आणि आधीच्या गिटारीला?"

"चार."

"त्या चारांतल्या किती वाजवता?"

मी विषय बदलला. खरं उत्तर दीड असं होतं.

मी डोंबिवलीतल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. सत्यनारायणाच्या पूजेपासून बँकेच्या निवृत्ती समारंभापर्यंत आमचे कार्यक्रम होतात. बेसवाल्याची जागा ठरलेली असते: ड्रमच्या डाव्या अंगाला, निवेदकाच्या पाठीमागे आणि फोटोच्या चौकटीबाहेर. त्याचं वाजणं हे फ्रिजच्या घरघरीसारखं आहे. ती थांबली की मगच कळतं, अरे, इतका वेळ काहीतरी चालू होतं. राहुल देव बर्मन यांच्या रेकॉर्डिंगला बेस गिटार घेऊन बसणारे टोनी वाझ किती जणांना ठाऊक असतील? ज्या गाण्यांवर आपण वरातीत नाचलो, त्यांच्या पायात हा माणूस होता आणि आपल्याला नाव नटाचं आठवतं.

आपल्याकडे हे खातं तुणतुण्याचं. त्याचा सूर वरचा असतो, पण मागे उभं राहण्याची रीत तीच. शाहीर पुढे छाती काढून गर्जतो, मागे सुरत्या तुणतुणं छेडत झील ओढतो. एकच तार! पिढ्यान्‌पिढ्या त्यानं दुसरी मागितली नाही. बेसवाल्यांना मात्र ती बुद्धी झाली नाही.

वास्तविक सुरुवात अगदी समंजस होती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांनी १९५१ साली बाजारात आणलेली बेस गिटार पुढे जगभर गेली. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. बहुधा त्यामुळेच त्यांनी ती इतकी सोपी केली. त्याआधी बेस म्हणजे उभा, कपाटाएवढा डबल बेस. तो टॅक्सीत मावत नसे, आणि गिटारी विजेवर गेल्यावर ऐकूही येत नसे. त्याच्या चार तारा फेंडरनी तशाच उचलल्या आणि गळ्यावर पडदे ठोकले. बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका लागावा, म्हणून नावच ठेवलं 'प्रिसिजन'. चारांतली सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. माणसाचा संसार ४१ कंपनांत सहज होतो.

मग फेंडर कंपनीनंच १९६५ साली पाचवी तार लावली, पण ती बारीक, वरच्या सुरांची. वर गळ्यावर पडदे फक्त पंधरा ठेवले. म्हणजे पाहुण्यांसाठी एक खोली वाढवायची आणि तेवढीच गॅलरी आत घ्यायची. लोकांनी ते वाद्य काही फारसं घेतलं नाही आणि थोड्या वर्षांत ते बंद झालं. पाचव्या तारेचं भाग्य उजळलं ते ती खालच्या अंगाला आल्यावर. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर बोकाळले आणि कीबोर्डवाला डाव्या हाताच्या एका बोटानं बेसवाल्याच्या शेवटच्या पायरीच्याही खाली उतरू लागला. पोटावर पाय यायची वेळ आली, तेव्हा बेसवाल्यांनी ३१ कंपनांची जाड तार लावून घेतली. याला मी हाव म्हणणार नाही. ती नोकरी वाचवण्याची धडपड होती.

सहाव्या तारेमागे मात्र एक तत्त्वनिष्ठ माणूस आहे. न्यूयॉर्कचे अँथनी जॅक्सन. 'द ओ'जेज'च्या १९७३ सालच्या 'फॉर द लव्ह ऑफ मनी' या गाण्याची सुरुवात त्यांच्या बेसनं होते, आणि ती इतकी भारी आहे की गीतकार-संगीतकारांच्या यादीत या बेसवाल्याचंही नाव लागलं. आमच्या जातीत ही घटना दुर्मीळ. जॅक्सन यांचं म्हणणं सरळ होतं. हे वाद्य गिटारीच्या घराण्यातलं आहे, गिटारीला सहा तारा असतात, तर यालाही सहाच हव्यात. चार आल्या त्या फेंडरनी डबल बेसकडे पाहिलं म्हणून. १९७५ साली त्यांनी कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांचं वाद्य करून घेतलं आणि त्याला नाव दिलं 'काँट्राबेस गिटार'. पहिल्या वाद्यात तारा फार जवळजवळ आल्या. मग त्यांनी दुसरं करून घेतलं, मग तिसरं. रूढ वाद्यात तारेची वाजती लांबी ३४ इंच असते. ब्रुकलिनच्या फोडेरा कारखान्यात त्यांनी ती ३६ करून घेतली. आपल्याकडे मिरजेत तंबोऱ्याची जवारी मनासारखी लागेपर्यंत उठून न जाणारे गवई असतात, त्याच पठडीतला हा माणूस.

त्यांचं तत्त्व ऐकून मी लगेच वाद्य घेतलं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मी घेतलं, कारण आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा जर्मनीला निघाला होता आणि त्याला विमानाच्या सामानात साडेचार-पाच किलोंचं ते धूड न्यायचं नव्हतं. त्यानं जुन्या स्कूटरची किंमत सांगितली. मी पाचशे कमी करायला लावले आणि जिंकल्याच्या आनंदात वाद्य घेऊन खाली आलो. गळा हातात धरला, तेव्हा कळलं की हा गळा नव्हे, पाट आहे. दिवाळीत त्यावर बसून अभ्यंगस्नान करता येईल.

पहिल्याच आठवड्यात तालमीसाठी ते लोकलनं दादरला न्यायचं होतं. इतर डब्यांत घुसणं शक्य नव्हतं, म्हणून मालडब्यात चढलो. टोपलीपाशी बसलेल्या कोळीण मावशींनी पिशवी नखशिखांत न्याहाळली.

"काय हाय रं त्यात? सुरमय का?"

"गिटार आहे, मावशी." बेस गिटार म्हटलं असतं तर ठाण्यापर्यंत फरक सांगावा लागला असता.

"येवरी मोठी? मंग आवाजबी मोठा असंल."

"नाही. तसा तो कुणाला ऐकू येत नाही."

मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी नंतर फक्त वाद्यदुरुस्तीच्या दुकानात पाहिली. "मंग हे वझं कशाला वाहतंस?" असं विचारून त्यांनी टोपली थोडी सरकवली आणि मला टेकायला जागा करून दिली.

घरी रात्री हेडफोन लावून मी या पंथातल्या थोरांचे व्हिडिओ पाहू लागलो आणि माझ्या सहा तारा म्हणजे बालवाडी आहे हे लक्षात आलं. बिल डिकन्स सात तारांवर वाजवतात. चिलीचे इगोर साव्हेद्रा आठ तारांवर. जाँ बोदँ यांच्या वाद्याला अकरा तारा आहेत. तिथे गळा वगैरे म्हणण्यात अर्थ उरत नाही, तो ओटाच. असे लोक बहुतेक वेळा गळ्याच्या पडद्यांवर दोन्ही हातांच्या बोटांनी टिचक्या मारतात. डावा हात खालची साथ वाजवतो, उजवा वर गाणं वाजवतो. आयुष्यभर ड्रमच्या सावलीत उभ्या राहिलेल्या माणसानं एक दिवस सगळा ऑर्केस्ट्राच मांडीवर घेऊन बसावं, तसं ते दृश्य दिसतं. मला त्यांचं हसू येत नाही. दुसऱ्याच्या लग्नात आयुष्यभर पंगत वाढणाऱ्याला एकदा तरी पाटावर बसावंसं वाटणारच.

काही जण मात्र वर न जाता खाली खाली जातात. सातवी तार खालच्या अंगाला लावली की ती २३ कंपनांवर येते, म्हणजे पियानोच्या सगळ्यांत खालच्या पट्टीच्याही खाली. शिकागोच्या ज्याको थ्री-एक्स यांनी त्याही खाली १७ कंपनांचा सूर लावून घेतला. माणसाचा कान साधारण २० कंपनांपासून पुढे ऐकतो. म्हणजे ही तार वाजवणाऱ्यालाही नीट ऐकू येत नाही. ती ऐकू येते खिडकीच्या काचेला आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना.

पण यातही एक शास्त्र आहे. जाड तार नुसता आपला मूळ सूर देत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही सोबत सोडते. स्पीकरनं मूळ सूर गिळला तरी वरच्या सुरांवरून मेंदू तो बरोबर ओळखतो. चाळीत जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून कोण आलं ते कळायचं, माणूस दिसावा लागत नसे. तसंच हे. मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नसलेला आवाज ऐकू येण्यासाठी तुम्ही पैसे मोजलेत."

सहा तारांचा खरा छळ वेगळाच असतो आणि दुकानदार तो कधी सांगत नाही. एक तार छेडली की बाकीच्या पाच आपण होऊन कुजबुजायला लागतात. सतारीत याच गुणासाठी मुद्दाम तरफांच्या तारा लावतात, आणि त्या गुंजल्या की श्रोते माना डोलावतात. बेसमध्ये मात्र ती कुजबूज म्हणजे कीर्तन चालू असताना मागच्या रांगेत चाललेली लग्नाची बोलणी. त्यामुळे सहा तारांचा वादक एक तार वाजवतो आणि पाच गप्प बसवतो. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर आडवा झोपवायचा, डाव्या हाताच्या रिकाम्या बोटांनी वरच्यांना थोपटायचं, आणि उरलेल्या एका बोटानं संगीत करायचं. आठवीच्या वर्गावर ऑफ तास घेणाऱ्या मास्तरांनाच हे कौशल्य उपजत असतं.

माझा अंगठा खालच्या तारेवर असा विसावला की उठायचं नाव घेईना. महिनाभरात कळून चुकलं की मी स्कूटरच्या किमतीत अंगठ्यासाठी आरामखुर्ची घेतली आहे.

चार तारांवर समाधानी राहिलेल्यांची आठवण अशा वेळी फार छळते. जेको पास्टोरियस यांनी चार तारांवर बेसचा इतिहास बदलला, तोही पडदे नसलेल्या गळ्यावर. व्हिक्टर वूटन बहुतेक वेळा चार तारांवरच जे काही करतात, ते पाहून मी एकदा गॅस बंद करायला विसरलो. आपल्या मुंबईची मोहिनी डे तोंडानं कोन्नकोलचे बोल म्हणते आणि त्याच वेगानं बोटांनी तेच बोल वाजवते. तिच्या वाद्याला तारा किती आहेत हे मोजायची फुरसतच मिळत नाही. तिचे वडीलही बेसवादक. माझे वडील महापालिकेच्या पाणी खात्यात होते. मी सबब सांगत नाही, नोंद करून ठेवतो आहे.

तारांच्या कुजबुजीवर एक सोपा तोडगा मला त्या व्हिडिओंतच सापडला. हे मोठमोठे वादक गळ्याच्या वरच्या टोकाला केसांना बांधायचं कापडी रबर अडकवतात. मोकळ्या तारा दबल्या की आवाज कसा स्वच्छ येतो! यासाठी खास वेल्क्रोचे पट्टेही विकत मिळतात, पण मुलीच्या ड्रॉवरमध्ये काळी मखमली स्क्रंची फुकट होती.

तर गणपतीतला कार्यक्रम. पत्र्याचा मंडप, समोर चारशे खुर्च्या. मी पहिल्यांदाच सहा तारा घेऊन मंचावर उभा. साउंड तपासताना खालची जाड तार मोकळी सोडली, तर छपराचा एक पत्रा असा थरथरला की पहिल्या रांगेतल्या आज्जींनी देवाला हात जोडले. पुन्हा वाजवली. पुन्हा पत्रा. मिक्सरवर बसलेला विशीतला मुलगा ओरडला, "काका, ती जाडी तार नका घेऊ!" माझ्यावर त्याचा विश्वास बसला नसावा, कारण त्यानं एक बटण फिरवलं आणि माझ्या खालच्या सुरांचा सगळा तळमजला सील करून टाकला. उरल्या पाच.

नाट्यसंगीत झालं, भावगीत झालं. मग निवेदकांनी आमच्या गायिका ताईंना बोलावलं. जुनं हिंदी गाणं, संथ लयीचं. त्यात वरच्या बारीक तारेवर दोन-तीन सूर जोडून वाजवायचे असं मी महिनाभर ठरवून ठेवलं होतं. स्क्रंची नीट सरकवावी म्हणून गळ्याकडे पाहिलं, तर ती नव्हती. दुपारी मुलीला आरतीला जायचं होतं. तिची वस्तू तिनं नेली होती.

बिनस्क्रंचीचं वाद्य घेऊन मी दोन सूर वाजवून पाहिले. मधमाश्यांचं पोळं उठलं. ऑर्केस्ट्राचे दादा वळून पाहू लागले. ताईंच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता, आणि गजऱ्याखाली जाड कापडी रबर. मी पुढे झालो आणि हळूच मागितलं. त्या इतक्या गोंधळल्या की काही न विचारता त्यांनी ते सोडून दिलं. संगीत सुरू झालं होतं. केस पाठीवर मोकळे, गजरा कसाबसा कानामागे, आणि रबर माझ्या वाद्याच्या गळ्यात.

गाण्याला वन्समोअर मिळाला. मी माझे दोन-तीन सूर दोन्ही वेळा वाजवले, हे इथे नमूद करतो. कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष दादांना म्हणाले, "ताईंनी आज काय वातावरण केलं हो! ते केस मोकळे सोडून गाणं, वा!" दादांनी डायरी काढली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्यक्रमात त्या गाण्याआधी ताई अंबाडा सोडतात. रबर माझ्याकडेच आहे, त्यांनी नवं घेतलं.

कोजागिरीच्या कार्यक्रमाचा फलक परवा चौकात लागला. मधोमध ताई, मोकळे केस. मागे मी. चेहरा केसांआड गेला आहे, पण वाद्याचा गळा दिसतो आहे. बायको फलकासमोर थांबली आणि बोट नाचवत तिनं मोजलं.

"अडीच," ती म्हणाली, आणि भाजीवाल्याकडे वळली.