बंद गाडी, चालू मीटर

दहिसर चेकनाका ओलांडून अहमदाबादच्या दिशेने निघालं की लगेच पेणकरपाडा. तिथे हायवेच्या कडेला एखादा बारा चाकी ट्रक मागे झाडाच्या फांद्या खोचून आणि चाकांखाली दगड लावून उभा दिसला, तर हळहळू नका. गाडी बंद पडली म्हणजे धंदा थांबला, हा आपला भाबडा समज. तिच्यावर पोट असलेली निम्मी मंडळी ती बंद पडल्यावरच कामाला लागतात.

पहिला मान मेस्त्रीचा. पूर्वी तो पाना-हातोडा घेऊन यायचा आणि पाटा तुटलाय की प्रेशर उतरतंय, ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. 1 एप्रिल 2020 पासून धुरासाठीचं बीएस-6 मानक आलं आणि मेस्त्रीच्या हाती लॅपटॉप आला. आता टाकी डिझेलने काठोकाठ भरलेली असली, तरी धूर स्वच्छ करणारा युरिया संपला किंवा एखादा सेन्सर रुसला की गाडी ओढतच नाही. हवा स्वच्छ राहावी याला कोण नको म्हणेल? गाडी जागेवर उभी असते तेव्हा तर हवा अगदीच स्वच्छ राहते. लॅपटॉपवाले पडद्याकडे बघून मान हलवतात, 'कंपनीत न्यावी लागेल' म्हणतात आणि एवढं सांगायला आल्याचे पैसे घेतात. मग क्रेन. क्रेनवाला भाव सांगण्याआधी ड्रायव्हरचा चेहरा वाचतो, आणि रात्र असेल तर त्याला तो जास्तच स्पष्ट वाचता येतो.

तिकडे मालाच्या ई-वे बिलाचं वेगळंच घड्याळ चालू असतं. 200 किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत. गाडी हलो न हलो, मुदत पळते. सरकार निर्दय आहे असं मात्र म्हणू नये. माल दुसऱ्या गाडीत चढवायचा असेल, तर नवा गाडी नंबर टाकताना पोर्टलवर कारणांच्या यादीत चक्क 'ब्रेकडाऊन' आहे. ते निवडलं की बिल पुढे निघतं. बंद गाडी आणि ड्रायव्हर जागच्या जागी.

मोटार वाहन कायद्यातही या प्रसंगाची सोय फार जुनी. नादुरुस्त गाडीने रस्ता अडवला तर ताशी 50 रुपयांपर्यंत दंड, असं कलम 201 सांगायचं. 2019 मध्ये ते सुधारून ताशीऐवजी थेट 500 रुपयांपर्यंत दंड केला. तासांचा हिशेब ठेवायचा त्रास वाचला. गंमत अशी, की ड्रायव्हरला पगार तासाचा नाही, खेपेचा. त्याच्या आयुष्यात तासावर मोजली जाणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे हा दंड.

आता शेठचा फोन.

"शेठ, जॉइंट तुटलाय."

"तुटला कसा? तू चालवलीस कशी ते सांग."

"दोन दिवस लागतील म्हणतो मेस्त्री. खर्चीला थोडे टाका ना."

"भाडं हातचं गेलं माझं, आणि तुला खर्ची? गाडी सोडून जाऊ नकोस, डिझेल चोरतात."

म्हणजे राखणदारीही आली. या ड्युटीला भत्ता नाही, कारण खेप पुढे सरकलेली नाही. 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात आठ तासांचा दिवस लिहिला होता. ब्रेकडाऊन झालं तर मालकाला जास्त काम सांगता येईल, आणि त्या जादा तासांचे पैसे द्यावे लागतील, हेही लिहिलं होतं. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असणाऱ्या मालकालाच लागू होता. आपल्या शेठकडे गाड्या दोन. त्यातली एक इथे.

याच गाडीमागे मोटारींची रांग लागलेली असते. मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना 14 ऑक्टोबर 2024च्या मध्यरात्रीपासून टोल माफ झाला, ट्रकला नाही. टोल वाचलेला गृहस्थ टोल भरणाऱ्या ट्रकसाठी काच खाली करून 'हे लोक ना!' म्हणतो आणि काच वर घेतो. आत एसी असतो.

ट्रकवाल्यांनाही एसी द्यायला हवा, हे सरकारला कळलंय. 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. फक्त तो एसी चालतो इंजिनावर.