एकच खोली झाडणारा खुळा

घोडेगावात, नगर–संभाजीनगर रस्त्याला लागून माझं सेवा केंद्र आहे. बाजाराच्या दिवशी दारासमोर कांद्याच्या गोण्यांच्या गाड्या लागतात आणि आत सातबारा, दाखले, अर्ज यांची रांग. केंद्रात एक पोरगा कामाला आहे. बारावी झालेला, शांत, कामाला चोख. तरी रांगेतली माणसं त्याला खुळा म्हणतात. त्याचं खूळ एकच. एखादं संकेतस्थळ अडकलं की तो फक्त त्याच संकेतस्थळाचा साठलेला डेटा पुसतो, बाकी कशालाही हात लावत नाही. या खुळेपणाची स्तुती कुणीतरी करायला हवी, म्हणून मी लिहितो आहे.

मध्यंतरी एका दुपारी एक मावशी आल्या. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात, रुमाल कमरेला. एका योजनेची केवायसी करायची होती. पोरानं नंबर टाकला, ओटीपी गेला चाकणला कंपनीत असलेल्या मुलाच्या मोबाइलवर. मुलानं फोनवर सहा आकडे सांगितले, मावशींनी एकेक मोठ्यानं म्हटला, पोरानं टाकला. पान हललं आणि पुन्हा पहिल्याच ठिकाणी येऊन थांबलं. पुन्हा नंबर, पुन्हा चाकण, पुन्हा सहा आकडे. तिसऱ्या खेपेला मुलगा म्हणाला, "आई, आता सुपरवायझर बघतोय." रांगेतून आवाज आला, "अरे येड्या, सगळं उडव ना एकदाचं! हिस्ट्री क्लिअर मार, दोन सेकंदांचं काम."

पोरानं ऐकून घेतलं आणि पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या छोट्या खुणेवर बाण नेला. तिथं कुकी आणि साइट डेटा अशी ओळ येते. ती उघडली, यादीत त्या एकाच संकेतस्थळाचं नाव होतं, त्यापुढची कचरापेटी दाबली, पान ताजं केलं. एवढंच. पण हे एवढंच का केलं, हे रांगेला कळलं नाही, कारण रांगेला त्याच्या पडद्यावरची बाकीची पानं दिसत नव्हती. एका पानावर एका शेतकऱ्याचा अर्धा भरलेला अर्ज होता. तो बँकेचं पासबुक आणायला घरी गेला होता. दुसऱ्यावर केंद्राचं स्वतःचं लॉगिन होतं, सकाळी सर्व्हर मोकळा असताना मिळवलेलं. सगळं उडवलं असतं तर सुक्याबरोबर ओलंही जळालं असतं.

पान गोल गोल का फिरतं, ते आमच्या बाजाराच्या भाषेत सांगतो. संकेतस्थळाला माणूस ओळखता येत नाही. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की त्याच्या दृष्टीनं नवा माणूस आला. वेबची मूळ रचनाच तशी आहे. यावर तोड काढली १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्यानं. संकेतस्थळानं तुमच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, ती तुमच्या ब्राउझरनं सांभाळायची आणि दर खेपेला दाखवायची. चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसता एक क्रमांक असतो, तुमचा हिशोब त्यांच्या वहीत. हीच कुकी. एक चिठ्ठी साधारण चार हजार अक्षरांच्या आत बसते. पुढे ब्राउझरमध्ये संकेतस्थळांना मोठी कपाटंही मिळाली, त्यांत अर्धे भरलेले अर्ज, चित्रं, अख्खी पानं साठतात.

आता समजा त्यांनी वही बदलली, किंवा तुमच्या हातात दुसऱ्याचीच चिठ्ठी राहिली. पहिल्या खिडकीवरचा माणूस चिठ्ठी बघून म्हणतो, तुमचं काम झालंय, दुसरीकडे जा. दुसरा वही बघून म्हणतो, तुमचं नाव नाही, पहिलीकडे जा. माणूस आयुष्यभर फिरत राहील. यावर उपाय एकच, ती चिठ्ठी फाडायची. खिशातल्या बाकीच्या चिठ्ठ्या, आडत्याची पट्टी, एसटीचं तिकीट, सोनाराची पावती फाडायचं काय कारण?

आमच्याकडं हे शहाणपण कागदावर फार पूर्वीपासून आहे. सातबाऱ्यावरचं एखादं नाव चुकलं, एखाद्याचा हक्क संपला, तर तलाठी गावाचं दप्तर पेटवून देत नाही. त्या एका गटाचा फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीची मुदत देतो आणि नोंद मंजूर झाली की त्या एका नावाला कंस करतो. शेजारच्या गटाला धक्का लागत नाही. कित्येक पिढ्या हे चालत आलं आणि त्याला कुणी खुळं म्हटलं नाही. मग पडद्यावर तेच करणारा पोरगा खुळा कसा?

सगळं उडवण्याचा शहाणपणा मीही केलेला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज चालू होते. एक संकेतस्थळ अर्धवट भरलेला मसुदा आपल्याकडं न ठेवता ब्राउझरमध्येच ठेवत होतं, हे मला माहीत नव्हतं. दुसरंच एक पान अडकलं म्हणून मी रात्री दुकान बंद करताना सगळा डेटा साफ केला. सकाळी मसुदे गेलेले. मुलामुलींना पुन्हा बोलवावं लागलं. वडाळा बहिरोबाहून एक मुलगी कॉलेज बुडवून आली आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक पुन्हा मुकाट्यानं सांगत बसली. ती काही बोलली नाही, ते मला जास्त लागलं. पोरगा त्याच आठवड्यात कामाला लागला होता. त्यानं तेव्हापासून ते मोठं बटण दाबलेलं मी पाहिलं नाही.

आमच्यापासून शिंगणापूर पाच-सहा किलोमीटरवर. तिथं घराला दारं न लावण्याची परंपरा आहे आणि २०११ साली युको बँकेनं तिथं कुलूप न लावता शाखा उघडली तेव्हा बाहेरच्या लोकांना तो खुळेपणा वाटला. योगायोग असा की पोरगा जिथं बाण नेतो तिथंही पूर्वी कुलपाचं चित्र असायचं. क्रोमनं ते २०२३ मध्ये काढलं, कारण लोक कुलूप बघून संकेतस्थळच भरवशाचं आहे असं समजत होते. खरं तर कुलपाचा अर्थ एवढाच होता की मधला रस्ता सुरक्षित आहे. आता तिथं दोन आडव्या रेघा आणि दोन टिंबं आहेत. मला हा बदल आवडतो. गावात राखणदार शनिदेव आहेत या श्रद्धेनं दार उघडं राहू शकतं. मोबाइलला दार नाही आणि राखणदारही नाही. एका पानावर कांद्याचा भाव बघायला जावं, तर ज्यांचं नावही आपण ऐकलेलं नाही असे जाहिरातवाले आपापल्या चिठ्ठ्या खिशात सरकवतात. सफारीनं २०२० मध्ये असल्या परक्या चिठ्ठ्या सरसकट बंद केल्या, फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमनं बंद करण्याचं २०२० मध्ये जाहीर केलं आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. आपल्याकडं २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो त्यांच्या वहीपुरता. आपल्या खिशातली चिठ्ठी आपल्यालाच काढावी लागते.

यातूनच पोराचं दुसरं खूळ आलं, आणि मला ते पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं. माणसाचं काम झालं, पैसे दिले, तो एसटी स्टँडच्या निम्म्या वाटेवर पोचला, तरी पोरगा आधी त्याचं लॉगआउट करतो आणि त्या संकेतस्थळाचा साठा काढतो. रांग खोळंबते. लोक म्हणतात, गेला ना तो, कोण बघतंय? पण चिठ्ठी आमच्या मशीनवर राहिली तर पुढच्या माणसाच्या हाती पहिल्याचं घर लागतं. नुसतं पान बंद केल्यानं ती जातेच असं नाही.

त्या दिवशी मावशींचं पान फिरत होतं ते याच कारणानं. पोरगा सकाळी उशिरा आला होता आणि मशीनवर मी होतो. गर्दीत एका माणसाची केवायसी मध्येच तुटली, मी पान बंद केलं आणि पुढच्याला बोलावलं. त्याचीच चिठ्ठी मावशींच्या वेळी पुढं येत होती. पोरानं हे मला लोकांसमोर सांगितलं नाही. रांग संपल्यावर, चहा घेताना हळूच म्हणाला, "शेठ, सकाळचं ते राहिलं होतं बरं का."

चिठ्ठी काढल्यावर चौथ्यांदा चाकणला फोन लागला. मुलगा जेवणाच्या सुट्टीत होता. सहा आकडे आले, मावशींनी ते पुन्हा तितक्याच मोठ्यानं म्हटले, पान पुढं सरकलं आणि पावती छापून आली. त्यांनी ती घडी करून आधार कार्डाच्या पिशवीत सरकवली, पिशवी रुमालात बांधली, रुमाल कमरेला खोचला. मागचा माणूस तोवर आपले कागद टेबलावर मांडून मोकळा झाला होता. "थांबा जरा," पोरगा म्हणाला, आणि त्यानं बाण पुन्हा त्या डाव्या टोकाच्या खुणेवर नेला.