करुणा कशी शिकवावी: नवशिक्या ट्यूटरांसाठी प्राथमिक पुस्तिका

अभिनंदन! कालपर्यंत तुम्ही वॉर्डात सलाईन बदलत होतात. आज पनवेलमधल्या एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून रुजू झालात आणि लगेच तुमच्या गळ्यात ‘रुग्णाशी करुणेने वागणे’ हा विषय पडला. घाबरू नका. हा विषय जुन्यांपैकी कोणालाच नको असतो, म्हणून तो नव्या माणसाकडे येतो.

साहित्य: एक प्रोजेक्टर, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा फोटो, तासभर वेळ. नाइट करून आलेल्या मुलींना झोपायला न सोडता थेट या तासाला बसवावं. एखादीला डुलकी लागली की तिला उभं करून ‘सहानुभूतीची व्याख्या सांग’ म्हणावं. ती गडबडली की ‘तू पेशंटचं काय करणार?’ हे सर्वांसमोर विचारावं. विषयाची ओळख इथेच पूर्ण होते. मुली हुशार असतात; आपल्याहून लहान माणसाशी कसं बोलायचं, ते त्या तुमच्याकडूनच उचलतात.

मग दीपप्रज्वलन. पांढरे युनिफॉर्म, हातात पणत्या, शपथ, पालकांचे मोबाईल. क्रिमियन युद्धात बाईंच्या हातात असलेला दिवा घडीचा तुर्की कंदील होता, पणती नव्हती, पण फोटोत पणती बरी दिसते. त्यांनी 1859 साली लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकाकडे मात्र विद्यार्थिनींना फिरकू देऊ नये. त्यात आजाऱ्याला पोकळ धीर देणाऱ्यांवर एक आख्खं प्रकरण आहे. रुग्णाच्या खोलीत कुजबुजणं हा क्रूरपणा आहे आणि दाराबाहेर त्याच्याबद्दल बोलणं त्याहून वाईट, असंही बाई बजावतात. आपण तर ‘काही होत नाही हो आजी’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात घोटून घेतो आणि राऊंड संपला की दाराशी उभं राहूनच निदानाची चर्चा करतो.

प्रात्यक्षिक पुतळ्यावर घ्यावं. दार वाजवलं, एक गुण. नाव सांगितलं, एक गुण. परवानगी घेतली, एक गुण. पडदा ओढला, अर्धा. पुतळा रडत नाही, घाम फुटून हात घट्ट धरत नाही, ‘बिल किती झालं असेल?’ असंही विचारत नाही. त्यामुळे सगळ्या पास होतात.

खरी अडचण वॉर्डात. पनवेलच्या वॉर्डात माणसं फार वेगवेगळी येतात. एक्स्प्रेस-वेवरच्या अपघातातला ट्रकचा क्लीनर येतो. त्याचं घर दूर उत्तर प्रदेशात, सोबत कोणी नाही. खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात उपचार चाललेला एखादा बंगाली मुलगा मध्येच ताप चढला म्हणून येतो. उरणच्या बाजूची आजी भरभर आगरीत बोलते आणि बीडहून शिकायला आलेल्या मुलीला त्यातलं निम्मं कळतं. कातकरी वाडीवरून बाळंतपणाला आलेली बाई खाटेवर बिचकते, खाली फरशीवर बसते. तिच्यावर कसं खेकसायचं ते सिनियर सिस्टर करून दाखवतीलच, त्याला वेगळा तास लागत नाही. एवढ्या सगळ्यांची नावं कोण लक्षात ठेवणार? ‘बारा नंबरचं अपेंडिक्स’, ‘सातचं फ्रॅक्चर’ म्हणायला शिकवावं. हँडओव्हर झटपट होतो.

वॉर्डात झाडू-पोछा करणाऱ्या मावशी असतात. कोणी काल रात्रीपासून जेवलं नाही, कोणाचा मुलगा पैसे आणायला गेला तो परतलाच नाही, कोणती आजी बेडपॅन मागायला लाजते म्हणून पाणीच पीत नाही, हे त्यांना चार्ट न बघता ठाऊक असतं. आजीचं आगरी मावशीच मराठीत करून सांगतात. त्यांना मात्र वर्गात बोलवू नये. त्यांच्याकडे डिग्री नाही.

एखादी चौकस मुलगी विचारेल, मॅडम, वेळ कुठून आणायचा? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. हा तक्ता पाठ करून घ्यावा. परीक्षेत येतो. वॉर्डात उभं राहून खाटा मोजायला मात्र सांगू नये. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, हेही शिकवावं. असे किती जण आहेत आणि हात किती आहेत, हा गणिताचा विषय आहे, आपला नव्हे.

शैक्षणिक सहल नेऱ्याला न्यावी. पनवेलपासून जवळच कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे, 1950च्या दशकापासूनचं. फाटकाशी ग्रुप फोटो घेऊन जेवणाच्या आत परत फिरावं. आत गेल्यास मुली उगाच रेंगाळतील. कुष्ठरोग आता गोळ्यांनी सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. बधीर झालेला तळवा मात्र बहुतेकदा बधीरच राहतो. काटा रुतला तरी त्या माणसाला कळत नाही. म्हणून तो पाय रोज कोणीतरी हातात घेऊन, उलटून, बोटांच्या बेचक्यांसकट बघावा लागतो. यात शिकण्यासारखं काय आहे? गुण तर एकही नाही.

शेवटी मूल्यमापन. प्रत्येक बॅचमध्ये एखादी तरी अशी निघते, की जी क्लीनरच्या मोबाईलवरून त्याच्या घरी फोन लावून देते, तो बोलून होईपर्यंत तिथेच थांबते आणि त्या नादात तिचा टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट वीस मिनिटं उशिरा भरला जातो. तिला मेमो द्यावा. पालकांना बोलावून घ्यावं. 12 मेच्या परिचारिका दिनाच्या सत्काराच्या यादीत तिच्या जागी चार्ट वेळेवर भरणारीचं नाव घालावं. इन्स्पेक्शनला आलेल्यांना दीपप्रज्वलनाचा अल्बम दाखवावा; मेमोची फाईल वेगळ्या कपाटात असते.