लॉरीकडून घेता, तर लॉरीलाही द्या

कुंभकोणमहून चेन्नईकडे निघालेल्या लॉरीला वाटेत कोळ्ळिडम नदी आडवी येते. ती ओलांडायची जागा म्हणजे अणैकरै. आर्थर कॉटनने 1836 मध्ये इथे बंधारा घातला आणि पुढे त्याच बंधाऱ्यावरून रस्ता गेला. पाण्याच्या दारांवर उभा असलेला अरुंद, जुना पूल. तो थकला तेव्हा अवजड गाड्यांना त्याच्यावरून बंदी झाली आणि धान, तांदूळ, खत वाहणाऱ्या लॉऱ्यांच्या नशिबी वळसा आला. वळशाचं डिझेल मालकाने भरलं, झोप ड्रायव्हरची मोडली आणि वाढलेलं भाडं शेवटी तांदळाच्या पोत्यावर चढलं. त्या खर्चाची पावती कुणी फाडली नव्हती, म्हणून तो कुणाच्या हिशेबात आला नाही.

आता तिथे चौपदरी पूल आहे, एक किलोमीटर लांबीचा. विक्रवांडी ते तंजावर या 165 किलोमीटरच्या महामार्गातला सेथियातोप ते चोळपुरम हा 50 किलोमीटरचा टप्पा पुरा झाला. खर्च 2,350 कोटींच्या वर. पंतप्रधानांनी 26 जुलै 2025 ला तुत्तुकुडीतून त्याचं लोकार्पण केलं. पूल, तीन बाह्यवळणं, सात उड्डाणपूल. पाऊण तास वाचतो, असं सरकार म्हणतं. आणि मानंबाडीला टोलनाका आला.

या टोलला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. लॉरीने पैसे द्यावेत, मोटारीपेक्षा पुष्कळ जास्त द्यावेत. फक्त तिने दिलेल्या पैशाचं तिला काय मिळालं, हे नाक्यावर उभं राहून विचारता आलं पाहिजे.

पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की गंगैकोंडचोळपुरम लागतं. तिथून राज्य करणाऱ्या पहिल्या कुलोत्तुंग चोळाला ‘सुंगम तविर्त्त’, म्हणजे जकात उठवणारा, असं बिरुद होतं. टोल नको म्हणणाऱ्याला हा आयता पूर्वज मिळतो. पण कुलोत्तुंगाच्या रस्त्यावरून बावीस चाकी गाडी जात नव्हती. आजच्या लॉरीचं ओझं रस्ता फोडतं आणि फुटलेला रस्ता दुरुस्त करायला पैसा लागतो. त्यामुळे राजाचं नाव घेऊन सुटका होणार नाही.

हे ओझं रस्ता किती फोडतं? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर लष्कराच्या जवानांकरवी रात्रंदिवस ट्रक पळवले गेले. त्यातून जो हिशेब निघाला, तो आजही जगभरचे रस्ते अभियंते ढोबळमानाने वापरतात. एक्सलवरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. मोटारीच्या एका एक्सलवर टनभरही भार नसतो. भरलेल्या लॉरीच्या मागच्या एक्सलवर दहा टन असतात. या हिशेबाने नुकसानीतला फरक दहा हजारपटींचा.

आणि दरातला फरक? राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या नियमांतले मूळ दर असे होते: मोटारीला किलोमीटरला 65 पैसे, दोन एक्सलच्या ट्रकला 2 रुपये 20 पैसे, चार ते सहा एक्सलच्या गाडीला 3 रुपये 45 पैसे. म्हणजे साधा ट्रक मोटारीच्या साडेतीनपटही देत नाही. नुसतं एवढंच पाहिलं तर लॉरी फुकटात चालली आहे असं वाटेल, आणि मोटारवाले हेच सांगत असतात.

पण ते अर्धंच सांगतात. रस्त्याची जाडी लॉरीसाठी असते हे खरं. रस्ता किती जाड करायचा हे ठरवताना आपले अभियंते तीन टनांखालच्या गाड्या मोजतसुद्धा नाहीत. रुंदी मात्र बरीचशी मोटारीसाठी असते. ताशी शंभरने जाता यावं म्हणून सरळ केलेली वळणं, गावावरून उचललेले उड्डाणपूल, ओव्हरटेक करायला मोकळी लेन, हे सगळं साठच्या वेगाने जाणाऱ्या लॉरीने मागितलं नव्हतं. तिला मजबूत, सलग आणि अडथळ्याविना रस्ता हवा होता. चौपदरीकरणाचा खर्च दोघांचा आहे. मग सूट कुणाला मिळते ते बघा.

15 ऑगस्ट 2025 ला खासगी मोटारींसाठी वर्षाचा पास सुरू झाला, तेव्हा 3,000 रुपयांत 200 फेऱ्यांचा. एका नाक्याला 15 रुपये पडले. लॉरीला असा पास नाही. आपल्याकडे मुंबईत 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. विधानसभेची निवडणूक महिन्यावर होती. ट्रकचा टोल चालूच राहिला. मोटारीत मतदार बसतो आणि आपल्या गावी मत देतो. मतदानाच्या दिवशी लॉरीचा ड्रायव्हर बहुधा दुसऱ्याच कुठल्या राज्यात स्टिअरिंगवर असतो. टोलमाफीचं गणित एवढं साधं आहे आणि त्यात रस्त्याच्या नुकसानीचा आकडा कुठेच येत नाही.

2018 मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलला 10.2 टनांवरून 11.5 टन. वाहतूकदार खूश, कारखाने खूश. वजन आठव्या हिश्श्याने वाढलं, पण वरचा चौथ्या घाताचा हिशेब लावला तर नुकसान साठ टक्क्यांनी वाढतं. जुने रस्ते जुन्याच जाडीचे राहिले. एका हाताने ओझं वाढवायची परवानगी द्यायची, दुसऱ्या हाताने दर एक एप्रिलला टोल वाढवायचा आणि रस्त्याला मधल्या मध्ये मरू द्यायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

टोलवाढ तर आपोआप होते. सूत्र नियमातच लिहिलंय: दरसाल तीन टक्के, वर घाऊक महागाईच्या चाळीस टक्के. त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही. दरसाल सेवा इतक्याने वाढेल असं सूत्र कुठे आहे? एक एप्रिलला टोल वाढतो त्याच दिवशी नाक्याजवळची किती शौचालयं चालू आहेत, लॉरी उभी करायला किती जागा आहे, वजनकाटा बरोबर दाखवतो की नाही, याचा फलकही दराच्या फलकाशेजारी लागला पाहिजे. ज्याच्याकडून जास्त घेता त्याच्यासाठी आधी.

वजनकाट्याचंच घ्या. नियम सांगतो की जादा माल भरलेली गाडी तो माल उतरवल्याशिवाय नाक्याच्या पुढे सोडू नये. चांगला नियम. पण माल उतरवायचा कुठे? हमाल कोण आणणार? उतरवलेली पोती पावसात कुणाच्या भरवशावर ठेवायची? पत्र्याची शेड, चार हमाल आणि दुसरी गाडी मिळवून देणारी एक खिडकी एवढं केलं, तर नियम पाळला जाईल. नाहीतर जादा पैसे घ्यायचे, गाडी तशीच पुढे सोडायची आणि रस्ता फुटू द्यायचा. टोल घेणाऱ्याला जादा माल परवडतो, पुलाला परवडत नाही.

या भागात लॉरी वेळेवर येणं म्हणजे काय असतं, ते कुरुवै हंगामातल्या धानाच्या काढणीत दिसतं. 2025 च्या ऑक्टोबरात कावेरीच्या खोऱ्यात पीक भरपूर आलं आणि नेमका पाऊस लागला. सरकारी खरेदी केंद्रांवर 40 किलोची पोती थप्पीने पडली. ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला तर केंद्र सरकारचा नियम धान घेऊ देत नाही. राज्याने 22 टक्क्यांपर्यंत सूट मागितली. तोवर ताडपत्रीखालच्या पोत्यांच्या शिवणींतून हिरवे कोंब बाहेर आले होते. चार महिने राबून पिकवलेलं धान पोत्यातच रुजताना शेतकऱ्याने पाहिलं. उचल वेळेत झाली असती तर त्यातलं बरंच वाचलं असतं. गोदामं कमी पडली, वाघिणी कमी पडल्या, लॉऱ्या कमी पडल्या, कारणं पुष्कळ आहेत. पण ज्या लॉरीची दोन दिवसांत एक खेप होते तिची रोज एक खेप होऊ लागली, तर तीच लॉरी दोन लॉऱ्यांचं काम करते. लॉरीला चांगला रस्ता म्हणजे तिच्या मालकावर उपकार नव्हेत. ते त्या पोत्यातलं धान आहे.

वाटसरूला काय लागतं हे या मुलखाला शिकवायची गरज नाही. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. दुसऱ्या सरफोजी राजांनी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र उभारलं. यात्रेकरूला तिथे जेवण, निवारा, आजाऱ्याला औषध मिळे. पैसे वाटसरूकडून घेत नसत; छत्राला गावं लावून दिलेली असत आणि त्यांच्या उत्पन्नावर ते चाले. म्हणजे फुकट तेव्हाही नव्हतं, कुणीतरी भरतच होतं. फरक इतकाच की कुठल्या गावचं उत्पन्न कुठल्या छत्राला, हे ठरलेलं होतं. मानंबाडीला लॉरीने भरलेला पैसा मानंबाडीच्या रस्त्यावर किती परत येतो, हे आज कोण सांगेल? दोनशे वर्षांपूर्वी जमत होतं ते संगणकाच्या काळात जमू नये, हे मला पटत नाही.

स्वित्झर्लंडने 2001 पासून लॉरीवर टन आणि किलोमीटरच्या हिशेबाने कर लावला. जितकं ओझं, जितकं अंतर, जितका धूर, तितके पैसे, आणि देशातल्या सगळ्या रस्त्यांवर. एक तृतीयांश प्रांतांना, उरलेला केंद्राला. केंद्राचा वाटा मुख्यतः आल्प्सखालच्या रेल्वे बोगद्यांत गेला. 2016 मध्ये खुला झालेला 57 किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा त्यातलाच. त्यांनी लॉरीकडून घेतलं आणि मालाला दुसरी वाट करून दिली. आपल्याकडे फास्टॅग सक्तीचा होऊन 2021 पासून प्रत्येक गाडीची प्रत्येक फेरी नोंदली जाते. मोजायची साधनं आहेत. इच्छा फक्त वसुलीपुरती दिसते.

सेवा नाही तर टोल नाही, हे न्यायालयानेही सांगून झालंय. केरळात त्रिशूरजवळच्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये थांबवली, कारण रस्त्याची दैना झाली होती. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हात हलवत परत आलं. 65 किलोमीटरला बारा तास लागत असतील तर माणसाने 150 रुपये का द्यावेत, हा तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाचा प्रश्न होता. वसुली पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरात. पण रस्ता खचल्यावर लोकांनी वकील लावायचा, मग महिनोन्‌महिने थांबायचं, असं का? गाडी नाक्यावर पोचल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. ठरलेल्या वेळेत अंतर कापता आलं नाही तर टोलही आपोआप कमी झाला पाहिजे. वाढ आपोआप होते ना?

आणि शेवटचा टप्पा, जो सगळे विसरतात. चौपदरी रस्ता कुंभकोणमच्या बाहेरून जातो; माल मात्र शहरात पोचायचा असतो. शहर देवळांचं, रथांच्या रस्त्यांचं, गल्ल्या जुन्या. मोठी लॉरी तिथे शिरू नये हे बरोबरच आहे. पण मग शहराच्या वेशीवर मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत माल चढवायला तळ हवा. ड्रायव्हरला आंघोळ, दोन घास आणि सहा तासांची झोप मिळेल अशी जागा हवी. टोलचा पहिला रुपया तिथे लागला पाहिजे, कमानींवर आणि फलकांवर नंतर.

2028 मध्ये कुंभकोणमला महामहम उत्सव आहे. दहा दिवस लाखो माणसं या शहरात येतील आणि लॉऱ्या लांबवर अडवल्या जातील. त्या दिवसांत भाजी, दूध, तांदूळ शहरात कसा येणार आणि अडवलेल्या गाड्या कुठे उभ्या राहणार, हे आत्ता ठरवा. जागा आत्ता ताब्यात घ्या. याच महामार्गासाठी जमीन मिळवायला किती वर्षं गेली, ते सगळ्यांनी पाहिलंय.