सर्वानुमते मंजूर

पूर्वी गाव म्हटलं की वेशीवर मारुती ठरलेला असायचा. आता मारुतीच्या जोडीला सामाजिक सभागृहही ठरलेलं असतं. एस.टी.तून उतरलात की ते कुणी दाखवायला लागत नाही. पिवळट भिंती, निळं शटर, शटरला गंजलेलं कुलूप आणि दर्शनी बाजूला काळ्या ग्रॅनाइटची पाटी. कुलूप गंजलं तरी पाटीवरचा सोनेरी रंग शाबूत असतो. अमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून, तमुक यांच्या शुभहस्ते, फलाण्यांच्या प्रमुख उपस्थितीत. उद्घाटनाच्या दिवशी या इमारतीत जितकी माणसं आली, तितकी पुन्हा एकदम फक्त मतदानाच्या दिवशी येतात.

एरवीही ती रिकामी नसते, असं म्हणायला हवं. ओट्यावर दुपारी पत्त्यांचा डाव पडतो. पावसात शेळ्या आडोशाला येतात. आत मांडववाल्याचे बांबू, गणपती मंडळाचं मखर आणि कुणाची तरी सोयाबीनची पोती सुखाने एकत्र नांदतात. सभागृहात सभा तेवढी होत नाही. ती शाळेच्या व्हरांड्यात होते, कारण सभागृहाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो रानात गेलेला असतो.

मला या इमारतींचा राग येत नाही. अशी इमारत ठरते कशी, याचं मात्र फार कुतूहल आहे.

कायद्याने ती ग्रामसभेत ठरायला हवी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे रुळलेले दिवस. दवंडी होते, व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस फिरते, आणि सभेला नियमाप्रमाणे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी माणसं लागतात. तितकी जमत नाहीत. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, ही कायद्याने ग्रामीण जीवनाला दिलेली सर्वांत समजूतदार सवलत. म्हणजे पुरेशी माणसं आली नाहीत म्हणून जे ठरवता आलं नाही, ते त्याहून कमी माणसांत ठरवता येतं.

चर्चा रंगते ती जागेवर. वरच्या आळीला सभागृह वरच्या आळीत हवं असतं, खालच्या आळीला खालच्या. वाडीवाले म्हणतात, आम्ही काय फक्त घरपट्टी भरायला? तासभर आवाज चढतात आणि शेवटी ओढ्यापलीकडच्या गायरानाजवळची जागा निघते. ती कुणालाच जवळ नसते, म्हणून कुणाचीच तक्रार उरत नाही. तिथे पावसाळ्यात जायचं कसं, हा प्रश्न पावसाळ्यावर सोपवला जातो.

पैशाची गोष्ट याहून मजेची. आपला समज असा की गावाला आधी गरज पडते, मग गाव पैसे मागतं. प्रत्यक्षात पुष्कळदा पैसे आधी येतात आणि गरज मागाहून शोधावी लागते. ‘पंचवीस-पंधरामधून काहीतरी बसतंय बघा,’ असा निरोप येतो. २५१५ हा सरकारी हिशेबातला लेखाशीर्षाचा क्रमांक. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या कामांना या शीर्षाखाली पैसे मिळतात, आणि तो आकडा आता गावकऱ्यांना आपल्या गटनंबराइतका पाठ झाला आहे. मार्चअखेर जवळ आलेली असते. वाचनालय म्हटलं तर पुस्तकं लागतात, दवाखाना म्हटलं तर डॉक्टर लागतो. सभागृहाला सिमेंटखेरीज काही लागत नाही. म्हणून सभागृह!

खासदार निधीची योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाली. तिच्या नियमांत धार्मिक स्थळाच्या कामाला पैसे देता येत नाहीत, आणि आमच्या लोकांना तर हवा असतो देवळापुढचा सभामंडप. यावर गावाचं डोकं कसं चालतं ते स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येऊन पाहावं. देवळापासून चार हात अंतर राखून स्वतंत्र इमारत उठते, तिचं तोंड नेमकं गाभाऱ्याकडे असतं, आणि पुढच्या हरिनाम सप्ताहापर्यंत मधल्या चार हातांवर लोकवर्गणीतून पत्रे पडलेले असतात. याच योजनेत काम झाल्यावर तिथे खासदारांच्या नावाची पाटी लावावी, असाही नियम आहे. हा नियम मोडल्याचं कुठे पाहण्यात नाही.

जागा झाली, पैसे झाले. आता प्रत्येक गावात एक निवृत्त गुरुजी असतात ते उठतात. सरपंच त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे एरवी ते त्यांना ‘अरे’ म्हणतात, पण सभेत ‘सरपंचसाहेब’ म्हणतात, आणि त्यातच त्यांचा बेत कळतो.

‘सरपंचसाहेब, एक विचारायचं होतं. लाइटबिल कोण भरणार?’

शांतता.

‘झाडणार कोण? किल्ली कुणाकडे राहणार? पोरांना अभ्यासाला रात्री उघडून मिळंल का?’

‘गुरुजी, आधी इमारत तर होऊ द्या.’

‘तेच म्हणतो. व्हायच्या आधी विचारलेलं बरं. मागची समाजमंदिराची इमारत अजून आहे. तिचंच छत दुरुस्त केलं तर?’

‘दुरुस्तीला फंड नाही गुरुजी, नवीनला आहे. चांगल्या कामात खोडा नको.’

हसतात सगळे. गुरुजीही हसतात आणि खाली बसतात. ग्रामसेवक प्रोसिडिंगमध्ये सूचक लिहितो, अनुमोदक लिहितो, आणि पुढे ठरलेलं वाक्य: ठराव सर्वानुमते मंजूर. गुरुजींचे प्रश्न कागदावर येत नाहीत, कारण त्यांच्यासाठी रकानाच नसतो.

अशा वेळी मला पुण्याच्या नगरपालिकेतले एक सभासद आठवतात. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले तिथे होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचं घाटत होतं. फुल्यांनी एकट्याने विरोध केला. पुढे शहरासाठी मोठी मंडई बांधायची टूम निघाली, तेव्हाही ते आडवे आले. एवढे पैसे मंडईवर ओतण्यापेक्षा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. गंमत अशी की बांधकामाचा त्यांना तिटकारा असण्याचं काही कारण नव्हतं. ते स्वतः कंत्राटदार होते. घराणं माळ्याचं, फुलाभाजीशी पिढीजात नातं. म्हणजे इमारत बांधणाऱ्यांतले आणि इमारतीत भाजी विकणाऱ्यांतलेही, आणि तरीही माणूस म्हणाला, आधी शाळा.

ठराव अर्थातच झाला. १८८६ मध्ये शनिवारवाड्यापुढच्या पटांगणातल्या बाजारासाठी अष्टकोनी, मधोमध मनोरा असलेली दगडी मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना ते नाव बदललं आणि मंडई महात्मा फुल्यांची झाली. मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केटही पुढे त्यांच्याच नावाचं झालं. पाट्यांच्या सगळ्या इतिहासात असा न्याय दुसरीकडे झालेला मला ठाऊक नाही. गव्हर्नरसाहेब गेले आणि ‘नको’ म्हणणारा राहिला.

मग फुले चुकले होते का? मंडई तर चालली. नुसती चालली नाही, पुण्याच्या अंगात मुरली. तिच्या आसऱ्याने शारदा-गणपती बसू लागला, राजकारणावरच्या गप्पांचं ‘मंडई विद्यापीठ’ भरू लागलं. यातलं काहीही त्या ठरावात नव्हतं. पण मंडई चालली कारण रोज पहाटे तिथे येण्याची गरज हजारो माणसांना होती. इमारत नसती तरी ती माणसं आली असती. आणि शाळांचा पैसा शाळांना पुरेसा मिळाला का, हा फुल्यांचा प्रश्न मंडई चालल्याने सुटत नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि अजून तसाच उभा आहे. आक्षेप बरोबर असणं आणि इमारत चांगली निघणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपल्या सभांना एवढं कळत नाही. तिथे हरकत घेणारा एकतर विरोधी पार्टीचा, नाहीतर विघ्नसंतोषी.

शहरात हरकतींची सोय कायद्यानेच केलेली आहे. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याप्रमाणे विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवतात. नकाशावर रंगीत चौकोन असतात: इथे उद्यान, इथे शाळा, इथे समाजकेंद्र. हरकती धो धो येतात. पण येतात कुणाच्या? ज्याच्या जमिनीवर चौकोन पडला त्याच्या. ज्या पोरांना तिथे बसून अभ्यास करायचा आहे, ज्या आजींना तिथे संध्याकाळी भजन करायचं आहे, त्यांना चौकोन पडल्याचं कळतही नाही. मग दहा वर्षं सरतात, जागा ताब्यात येत नाही, मालक कायद्याप्रमाणे खरेदीची नोटीस देतो, मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण गळून पडतं. समाजकेंद्र होतं कधी आणि गेलं कधी, ते समाजाला कळत नाही.

उलट, एखादी वास्तू जिवाभावाची झाली की हरकती उशिरा का होईना, जागृत होतात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते उघडलं तेव्हा ते हयात नव्हते. पन्नास वर्षांनी पुनर्विकासाचा विषय निघाला आणि नाटकवाले, प्रेक्षक, रस्त्याने नुसते येणारे-जाणारे, सगळे बोलू लागले. पार्किंग किती, विंगा किती खोल, शेवटच्या रांगेत आवाज कसा पोचतो. काय प्रश्न ते! हेच आमच्या गुरुजींचे प्रश्न, फक्त पन्नास वर्षं वापरून पिकलेले. गुरुजी बिचारे ते पाया खणायच्या आधी विचारतात, म्हणून ते खोडा ठरतात.

नव्या सुनेचं स्वागत सगळा गाव करतो, तिला पाणी कुठून भरायचं ते मात्र एखादीच जाऊबाई सांगते. इमारतीला अशी जाऊबाई लागते. थोडी टोचून बोलणारी, पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा विचार करणारी. बाकी सगळे नारळ फोडायला असतातच.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. ठरावाला जसा सूचक लागतो, अनुमोदक लागतो, तसा एक हरकतदारही सक्तीचा करावा. आळीपाळीने प्रत्येकाला हे काम द्यावं, म्हणजे कुणाचं वैर नको. त्याने तीनच प्रश्न विचारायचे: हे नसतं तर लोक कुठे बसले असते, याऐवजी दुसरं काय झालं असतं, आणि किल्ली कुणाकडे. उत्तरं प्रोसिडिंगमध्ये जशीच्या तशी लिहायची. ‘माहीत नाही’ हे उत्तर आलं तर तेही लिहायचं. इमारत झालीच, तर ग्रॅनाइटच्या पाटीवर शुभहस्ते आणि प्रमुख उपस्थितीच्या खाली एक ओळ त्याचीही कोरावी. पुण्याच्या मंडईने दाखला घालून दिलेलाच आहे, फक्त तिथे पन्नासएक वर्षं लागली.

ही सूचना मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. गुरुजी अनुमोदन देतो म्हणाले. सरपंचांनाही आवडली. कुणाचीच काही हरकत दिसत नाही, आणि नेमकी हीच मला काळजी लागून राहिली आहे. ती सर्वानुमते मंजूर होईल, आणि मग तिचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.