कॅमेराळू

फोर्टात, बोरा बाजाराच्या अंगाला कॅमेऱ्यांची जी दुकानं आहेत, त्यांतल्या कुठल्याही काउंटरवर शनिवारी दुपारी हा गृहस्थ भेटतो. वय पंचेचाळिशीपुढे, नोकरी बँकेत नाहीतर महापालिकेत, घर डोंबिवलीला, पाठीला सॅक आणि सॅकमध्ये स्वतःचं मेमरी कार्ड. कॅमेरा नाही, कार्ड आहे. दुकानातल्या डेमो पीसमध्ये तो ते घालतो, भिंतीवरच्या लक्ष्मीच्या कॅलेंडरचा, छताच्या पंख्याचा आणि खुद्द मालकाचा एकेक फोटो काढतो आणि रात्री घरी लॅपटॉपवर मालकाच्या मिशीचा केस न् केस मोठा करून बघतो. बाजारात आलेल्या जवळजवळ प्रत्येक मॉडेलमधून काढलेली ती मिशी त्याच्या संग्रही आहे. कुठल्या सेन्सरवर पांढरा केस पांढराच राहतो आणि कुठल्यावर निळसर होतो, हे त्याला विचारावं.

“बजेट चाळीस हजार. वर एक पैसा नाही,” हे त्याचं पहिलं वाक्य. २०१८च्या सुमारास चाळिसात सुरुवातीची बॉडी आणि सोबतची १८-५५ लेन्स आरामात बसायची. पण १८-५५चं नाव काढलं की तो नाक मुरडतो. “ती काय, खोक्यात थर्माकोलबरोबर येते!” आता खरं सांगायचं तर भर दुपारी, एफ ८वर त्या लेन्सनं काढलेला फोटो आणि तिच्या चौपट किमतीच्या लेन्सनं काढलेला फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर भल्याभल्यांना फरक सांगता यायचा नाही. हे त्यालाही पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तो ते कधी शेजारी ठेवत नाही.

मग निघते ५०ची १.८. कॅननची ही लेन्स स्वस्त, हलकी आणि कमी उजेडात खरोखर गुणी. ‘गरिबाची राणी’ असं म्हणत तो ती हातात घेतो आणि लगेच तिच्यातलं न्यून काढतो. कॅननच्या या छोट्या सेन्सरवर १.६नं गुणायचं, म्हणजे ५०ची झाली ८०. “आता समजा, माझ्याकडे बारसं आहे. पाळणा, बाळ आणि कानात कुर्र करणारी आत्या एका फ्रेममध्ये घ्यायची आहे. आमचा हॉल दहा बाय बारा.” एवढं बोलून तो दोन्ही हातांची चौकट डोळ्यांपुढे धरतो आणि मागे मागे चालत जातो. आमच्याकडे हे प्रात्यक्षिक झालं तेव्हा तो दारातल्या चपलांच्या स्टँडवर बसला. बसल्या बसल्या म्हणाला, “पाहिलंत? आत्या कापली गेली.”

म्हणून ३५ हवी. नायकॉननं २००९मध्येच स्वस्तातली ३५ची १.८ काढलेली, तेव्हा पक्षांतर होतं. नायकॉन म्हटलं की तेव्हा डी ३५००. पण डी ३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणजे जुन्या बाजारात मिळणारी ५०ची ‘डी’ लेन्स तिच्यावर हातानं फिरवावी लागणार. ती लेन्स त्याच्याकडे नाही आणि घ्यायचीही नाही. पण उद्या घ्यावीशी वाटली तर? त्यासाठी मोटरवाली वरची बॉडी. वरची बॉडी घेतोच आहोत तर भिगवणचा विचार आधीच केलेला बरा, कारण उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी ३५नं टिपले तर फोटोत शाईचे डाग पडल्यासारखे दिसतील. म्हणजे ७०-३००. ३००सुद्धा आखूडच पडते असं नावाडी सांगतात, म्हणजे १५०-६००. आणि एवढा पैसा ओतायचा तर छोट्या सेन्सरवर कशाला? उद्या फुल फ्रेमवर गेलो तर यातल्या निम्म्या लेन्स बाद! तोंडी हिशेब सव्वा लाखावर पोचतो तेव्हा तो पाणी पितो, रुमालानं मान पुसतो आणि म्हणतो, “बजेट चाळीस हजार. वर एक पैसा नाही.”

यात गोम अशी की, तो बोलतो त्यातलं काहीच चुकीचं नसतं. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा वर्षं चालते, म्हणून पैसा काचेत घालावा, हे त्याचं म्हणणं कुठलाही जाणकार मान्य करील. अज्ञानी माणूस चुकीचा कॅमेरा घेऊन मोकळा तरी होतो. या गृहस्थाला तीही सोय उरलेली नाही.

त्यात काळही त्याला थांबायला कारणं पुरवतो. २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नायकॉन आणि कॅनन दोघांनी मिररलेसचे नवे माउंट आणले आणि १९५९पासून चालत आलेला नायकॉनचा एफ माउंट एका रात्रीत वडीलधारा झाला. “आता आरसेवाले पडणार,” तो म्हणाला. डिसेंबरात डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के करायचं ठरलं, तेव्हा तर त्यानं आम्हाला कांदाभजी खिलवली. कॅमेरा का घेतला नाही? “सुरुवात झाली आहे, अजून उतरेल.”

सेकंडहँड मालाच्या बाबतीत तर तो दुकानदारांचा कर्दनकाळ. लेन्स उलटी धरून मागून टॉर्च मारतो आणि एक डोळा मिटून आत बुरशीचं जाळं शोधतो. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरतेच, त्यामुळे बहुतेकदा सापडतेही. नाही सापडली तर संशय वाढतो: “इतकी स्वच्छ? म्हणजे उघडलेली दिसते.” मग शटर किती वेळा उडालंय ते विचारतो. मालक वैतागून म्हणतो, “साहेब, शादी करनी है कि मेडिकल?”

फाळक्यांचा विषय निघाला की मात्र त्याचा गळा भरून येतो. विमा पॉलिसी गहाण टाकून, १९१२ साली दादासाहेब लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, ही कथा त्यानं कीर्तनकाराच्या तन्मयतेनं सांगावी. एकदा मी म्हटलं, “मग तुम्हीही काढा की कर्ज.” तो क्षणभर थबकला. “त्यांचं बरं होतं हो. विल्यमसनचं नवं मॉडेल दर सहा महिन्यांनी येत नव्हतं.”

त्याच्या पुतणीनं काकाचा सल्ला मागितला, दोन तास ऐकला आणि तिसऱ्याच दुकानातून किट लेन्ससकट पहिला दिसला तो कॅमेरा उचलला. विसर्जनाच्या मिरवणुकीत तिनं ढोलवाल्या मुलीचा फोटो काढला: घामानं चिकटलेले केस, हवेत उडालेली टिपरी, मागे गुलालाचा लोट. सोसायटीच्या गणपतीत तो मोठा करून लावला होता. काकांनी खिशातून भिंग काढून चारही कोपरे तपासले. “कडा सॉफ्ट आहेत,” ते म्हणाले, “पण मुलगी तयारीची आहे.” आणि ओळखीच्या प्रत्येकाला हात धरून त्या फोटोपाशी घेऊन गेले.

कॅमेरा सोडून बाकी सगळं त्याच्याकडे आहे. ट्रायपॉड आहे, धूळ उडवायचा रबरी फुगा आहे, चार लेन्सची बॅग आहे. पावसाळ्यात लेन्सचं रक्षण व्हावं म्हणून विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेटही आहे. आत ४५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता कायम राखते, काचेचं दार, आत निळा दिवा. पहिल्या जुलैपर्यंत ती रिकामीच होती. मग वहिनींनी तिच्यात उडदाचे पापड ठेवले. वरच्या खणात कुरडया, खालच्यात सांडगे. ऐन श्रावणात आमच्या पानात तळलेली कुरडई आली ती अशी की दाताखाली आवाज घुमावा. आम्ही वाहवा केली, तसा तो उठला, कॅबिनेटचं दार उघडून आत नाक घातलं आणि गंभीरपणे म्हणाला, “अगं, पापड ठेव, माझी ना नाही. पण हिंगाचे नकोत. उद्या लेन्स आली तर तिच्या रबराला वास धरेल.”