बांदोलची रेड वाइन करावी कशी? (नवशिक्यांसाठी)

साहित्य : भूमध्य समुद्राकडे तोंड केलेली चुनखडीची उतरण, वर्षभर कडक ऊन, अधूनमधून मिस्त्राल वारा, मुर्वेद्र जातीची द्राक्षे आणि एक सासरा. बाकीचे कसेबसे जमवता येते. सासऱ्याच्या बाबतीत मात्र हयगय करू नये.

सासरा निवडणे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बांदोल भागात, तूलाँ शहरापासून जवळच, तांपिए घराण्याचा द्राक्षमळा आहे. १८३४ पासून तो त्याच घराण्याकडे. १९३६ साली या घरातल्या लुसीशी (तिला सगळे लुलूच म्हणत) ल्यूसियँ पेरो नावाच्या तरुणाने लग्न केले. सासरे अल्फाँस तांपिए यांनी जावयाला मळ्यातली एक फार जुनी बाटली उघडून दिली. फिलॉक्सेराची कीड युरोपभरचे द्राक्षमळे फस्त करून गेली, त्याच्याही आधीची ती वाइन. जावयाने घोट घेतला आणि तो कायमचा कामातून गेला. तुमच्या सासऱ्यांनी लग्नात स्कूटर दिली असेल, तर हा लेख इथेच मिटून स्कूटर पुसायला घ्यावी.

नकोशी द्राक्षे लावणे. त्या जुन्या बाटलीत मुर्वेद्र होते. किडीनंतर मळे पुन्हा उभे करताना लोकांनी भरघोस पीक देणाऱ्या जाती लावल्या आणि मुर्वेद्र मागे पडले. लोकांचे फारसे चुकलेही नाही. हे झाड कलमावर नीट जगेना, फळ उशिरा पिकवी आणि तेही थोडे. या भागात, म्हणजे प्रोव्हांसमध्ये, म्हणतात की मुर्वेद्रला डोक्यावर ऊन आणि पायाशी पाणी लागते. बांदोलमध्ये ऊन आहेच; समुद्राची दमट हवा आणि पाणी धरून ठेवणारी चिकणमाती पायाकडचे बघते. १९४० मध्ये हे जोडपे मळ्यात राहायला गेले आणि ल्यूसियँने नेमकी हीच नखरेल जात पुन्हा लावायला घेतली. दगडी बांध घातलेल्या पायऱ्यांच्या शेतात. ट्रॅक्टर फिरणार नाही, अशा जागी.

नियम करून घेणे. आपण एकट्याने कष्ट करायचे आणि शेजाऱ्याने स्वस्तातला रस भरून बाटलीवर बांदोलच लिहायचे, हे कोणाला सोसेल? ११ नोव्हेंबर १९४१ रोजी बांदोलला स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळाले. अर्धा देश जर्मनांच्या ताब्यात होता आणि इकडे कोणत्या गावची द्राक्षे चालतील याची यादी सरकारी कागदावर चढत होती. फ्रेंच माणसाला यात काहीच वावगे वाटत नाही. ल्यूसियँ या सगळ्यात पुढे होता. आज बांदोलच्या रेड वाइनमध्ये निदान निम्मे मुर्वेद्र हवे, द्राक्षे हातानेच खुडायची आणि वाइन किमान १८ महिने लाकडात मुरवायची. तांपिएंकडे त्यासाठी ओकची प्रचंड पिंपे असतात. नव्या छोट्या पिंपांतून येणारा व्हॅनिलाचा वास इथे शोधू नये.

थांबणे. मळ्याची पहिली बाटलीबंद वाइन १९४३ ची, आणि ती गुलाबी. रेडची पाळी यायला १९५१ उजाडले. तुम्हालाही घाई करून चालणार नाही. नवी बांदोल पिणे म्हणजे कैरी चावून आंब्याला नावे ठेवणे. आठ-दहा वर्षे बाटलीला हात लावू नका.

वास घेणे. उघडल्यावर पहिल्यांदा तबेल्याचा वास येऊ शकतो. घाबरू नका, दुकानदाराशी भांडायला तर मुळीच जाऊ नका. मुर्वेद्रला कोंडून घेण्याची खोड आहे; तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवली की काळी फळे, कातडे, रानातल्या सुक्या झुडपांचा वास असे एकेक बाहेर येते. पाहुण्यांसमोर मात्र तबेला हा शब्द आपणच आधी उच्चारावा, चेहऱ्यावर समाधान ठेवून. जाणकार म्हणून तुमची सोय होते.

रूम टेंपरेचरला प्या, असे कोणी सांगितले तर कोणाच्या रूमचे ते विचारावे. मे महिन्यातल्या नागपूरच्या खोलीचे निश्चितच नव्हे. १६ ते १८ अंश पुरे, त्यासाठी थोडा वेळ फ्रीज वापरण्यात कमीपणा नाही. आणि झणझणीत रश्श्याबरोबर ती देऊ नका. तिखट आणि टॅनिनचा तुरटपणा एकमेकांना चढवतात. नुसते भाजलेले मटण उत्तम.

बायकोला स्वयंपाक करू देणे. माझ्या मते खरी कृती इथे आहे, आणि वाइनवरची पुस्तके नेमकी ती ल्यूसियँच्या नावावर उरकून टाकतात. सात मुले सांभाळून लुलू येईल त्याला जेवू घालत होती. द्राक्षवेलीच्या काटक्यांचा जाळ, त्यावर तांब्याचे मोठे भांडे, भांड्यात त्या किनाऱ्यावरच्या माशांचे बूयाबेस. रिचर्ड ओल्नी हा अमेरिकन लेखक जवळच राहायचा. तो या टेबलावर बसला. त्याने कर्मिट लिंच या बर्कलीच्या वाइन व्यापाऱ्याला आणले. शे पानिस या रेस्टॉरंटच्या अॅलिस वॉटर्स आल्या. लिंचने वाइन अमेरिकेत नेली, ओल्नीने १९९४ मध्ये लुलूच्या स्वयंपाकावर अख्खे पुस्तक लिहिले. जाहिरात कंपनीला पैसे मोजून असे गिऱ्हाईक मिळत नाही. गिऱ्हाइकांना आधी जेवण मिळाले, दरपत्रक नंतर. नियमांची कागदपत्रे ल्यूसियँने सांभाळली हे खरेच, पण कागदपत्रे वाचून कोणी अटलांटिक ओलांडत नाही.

ल्यूसियँ १९९६ मध्ये गेला. लुलू ऑक्टोबर २०२० मध्ये, १०२ व्या वर्षी. आता या वयाचे श्रेय वाइनला द्यायचे की माशांना, यावर नवशिक्यांनी जेवणाच्या टेबलावर वाद घालावा. तज्ज्ञही तेच करतात.

पुढच्या पिढीकडे सोपवणे. फ्रांस्वा या मुलाने मळा पाहिला, जाँ-मारीने तळघर. भावाभावांत कामाची इतकी स्वच्छ वाटणी आपल्याकडे कोर्टाशिवाय होत नाही. २००० साली दोघे निवृत्त झाले, तेव्हा कारभार दानिएल राव्हिए या बाहेरच्या माणसाच्या हाती दिला. मालकी घरातच राहिली.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. त्यांनी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, करावी. बांदोलमध्ये आज सर्वांत जास्त तीच होते. द्राक्षे शरद ऋतूत खुडली की बाटल्या पुढच्या वसंतात दुकानात, आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या पोटात. तांपिएंचीही रोझे आहे, उत्तम आहे, आणि तिच्यासाठी सासऱ्याने जुनी बाटली उघडण्याची गरज पडत नाही.